श्री गाडगेबाबा : चोखोबांच्या नावाचे छप्पर

ज्येष्ठ सरत आला म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून दोन वाऱ्या चालू लागतात. एक वारी सर्वांच्या ओळखीची आहे. देहूहून तुकोबारायांची आणि आळंदीहून ज्ञानोबा माऊलींची पालखी हलते. आमच्या विदर्भातली कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची पालखी तर त्याच्याही आधी वाटेला लागलेली असते. दुसरी वारी मात्र कोणी मोजीत नाही. बारावीचा निकाल हाती आलेली खेड्यापाड्यांतली मुलेमुली त्याच सुमारास नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांची वाट धरतात. पहिल्या वारीत मुक्काम आधी ठरलेला असतो. तंबू, पंगत, पाणी, सगळी व्यवस्था दिंडीची. दुसऱ्या वारीतल्या लेकराला आज रात्री पाठ कुठे टेकायची हेच ठाऊक नसते.

आमची कामठी नागपुराहून पाच कोसांवर, कन्हानच्या काठी. मागे या भागातल्या एका मंदिरात कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घ्यायला एक मुलगा पुढे आला. नागपुरास कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फीचीही सवलत झाली होती, पण खोलीचे भाडे आणि खानावळ यांचा मेळ बसेना. सभामंडपात रात्री निजू द्याल का, पहाटे सगळे मंदिर झाडून देईन, असे त्याने हात जोडून विचारले. मी व्यवस्थापक मंडळींजवळ शब्द टाकला. रात्री कुलूप लावण्याची वहिवाट आहे, आज एकाला दिले तर उद्या दहा येतील, असे उत्तर मिळाले. मुलगा नमस्कार करून निघून गेला. मी तासभर दयाधर्मावर निरूपण केले होते आणि एका पोराला चार हात जागा देववू शकलो नाही. त्याने मागितलेली जागा मी विसरलो असतो कदाचित. पण झाडून देण्याची त्याची बोली काही केल्या विसरेना. कारण खराटा हाती घेऊन उभा जन्म काढलेले एक महापुरुष याच आमच्या वऱ्हाडात होऊन गेले, आणि निवाऱ्याचा प्रश्न त्यांनी जसा ओळखला तसा भल्याभल्या पंडितांना ओळखता आला नाही. त्यांचेच चरित्र आज वाचकांच्या सेवेला सादर करतो.

अमरावती जिल्ह्यात, अंजनगाव सुर्जीच्या परिसरात, शेंडगाव म्हणून गाव आहे. तेथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी व सखूबाई जानोरकर या परीट दांपत्याच्या पोटी बाबांचा जन्म झाला. नाव ठेवले डेबूजी. बाप दारूच्या पायी लवकर गेला. माऊली लेकराला घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे भावाच्या आश्रयाला आली. म्हणजे पाहा, जगाला निवारा देणाऱ्या या पुरुषाचे बालपण दुसऱ्याच्या छपराखाली गेले. डेबूने मामांची गुरे राखली, नांगर धरला, भजनात झांज वाजवली. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. पुढे मामांची जमीन सावकाराच्या कागदात अडकली. कागदावर काय लिहिले हे घरात कोणाला वाचता येत नव्हते. जे सांगितले त्यावर विश्वास ठेवून अंगठे उमटले होते. निरक्षर माणसाचे कष्ट दुसराच कोणी कसा खाऊन जातो, हा धडा डेबू नांगराच्या तासात शिकला, आणि तो त्याने मरेपर्यंत विसरू दिला नाही, स्वतःला आणि लोकांनाही.

१८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले, संसार झाला, मुलेबाळे झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू नि मटण हवे होते. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. घरात दारूने बाप नेला होता, तेव्हा लोकांच्या नाराजीची पर्वा त्यांनी कशाला करावी! आणि मग १ फेब्रुवारी १९०५ रोजी, ऐन एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, आणि तेच टोपीसारखे डोक्यावर घालायचे. गावात शिरले की आधी गाव झाडायचे. लोक वेडा म्हणत. दुपारी कोणी भाकर दिली तर खायची. रात्री त्याच झाडलेल्या जागेवर कीर्तन.

त्यांच्या कीर्तनाबद्दल आम्हा कीर्तनकारांनी दोन शब्द प्रांजळपणे बोलले पाहिजेत. ज्यांनी व्याकरण घोकले, न्यायाची पाने उलटली, त्या आमच्यासारख्यांचे कीर्तन ग्रंथाच्या आधारावर उभे असते. बाबांजवळ ग्रंथ नव्हता. ते श्रोत्यांना वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारीत, श्रोते उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि शेवटी माणसाला स्वतःच्याच तोंडून आपली चूक कबूल करावी लागे. शास्त्रात ज्याला वाद म्हणतात, म्हणजे जिंकण्यासाठी नव्हे तर तत्त्व कळावे म्हणून केलेला संवाद, तो हा अस्सल. मधूनमधून गोपाळनामाचा गजर. विषय मात्र ठरलेले : दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके प्राणी मारू नका, शिवाशीव पाळू नका, आणि पोरांना शिकवा. जेवायला ताट नसले तर भाकर हातावर घ्यावी, बायकोला लुगडे हलके घ्यावे, पण पोराची शाळा चुकवू नये, असे ते पुन्हा पुन्हा बजावीत. पाया कोणाला पडू देत नसत.

आता त्यांच्या बांधकामांकडे वळू. पूर्णेच्या काठी ऋणमोचन हे तीर्थ आहे. यात्रेकरू नदीत उतरताना चिखलात घसरत. बाबांनी १९०८ साली तेथे लोकांना हाताशी धरून घाटाचे काम उभारले. तीर्थाचे माहात्म्य सांगणारे पुष्कळ होते. तीर्थावर पाय कसा ठरेल हे पाहणारा एक निघाला. तेव्हापासून त्यांची रीत पडून गेली. यात्रेला जायचे आणि यात्रेकरूला काय टोचते ते पाहायचे.

या डोळ्यांनी ते पंढरीत आले. वारीला ते नेमाने येत, पण देवळातल्या मूर्तीपुढे उभे राहण्यापेक्षा वाळवंट झाडण्यात नि कीर्तनात त्यांचा वेळ जाई. काही माऊलींना हे ऐकून आजही चुकल्यासारखे वाटते. परंतु वाळवंटात त्यांनी जे पाहिले ते आधी ऐका. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, ते वारकरीही आपल्यासारखेच शेकडो कोस चालून येत. गळ्यात तीच तुळशीमाळ, मुखी तेच नाम. पण पंढरीस पोहोचल्यावर त्यांना देऊळ बंद, आणि धर्मशाळांची व मठांची दारेही बंद. आषाढाच्या पावसात बायकापोरांसह ते उघड्यावर भिजत पडत. ही गोष्ट आपल्याच संप्रदायाच्या डोळ्यांदेखत घडत होती. आपण अभंग म्हणत होतो आणि ते भिजत होते, हे लिहिताना लेखणी जड होते. पण लिहिले पाहिजे.

चोखोबारायांचे चरित्र वाचकांना मी काय सांगावे! मंगळवेढ्यास गावकुसाच्या बांधकामावर वेठीला असताना शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ मध्ये, कुसू कोसळले आणि त्या भिंतीखाली चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या आणि भिंतीखालीच देह पडला. देवाच्या दारी जागा मिळाली तीही पायरीशी, बाहेर. त्या चोखोबांच्या नावाने गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधायला घेतली. १९१७ च्या आगेमागे या कामाला हात लागला आणि लोकांच्या देणगीतून व अंगमेहनतीतून चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ज्या चोखोबांवर भिंत पडली त्यांच्याच नावाच्या भिंती पाचशे-पावणेसहाशे वर्षांनी त्यांच्या लेकरांच्या डोक्यावर छप्पर धरून उभ्या राहिल्या.

कोणी विचारील की जात न मानणाऱ्या बाबांनी जातीच्या नावाने निरनिराळ्या धर्मशाळा का बांधल्या? पंढरपुरात परीट धर्मशाळा, मराठा धर्मशाळा अशाही वास्तू त्यांच्या खटपटीने झाल्या. शंका रास्त आहे. पण पाऊस पडत असताना आधी भिजणाऱ्याला आत घ्यावे लागते. जग सुधारेपर्यंत त्याला बाहेर उभे ठेवता येत नाही. पुढे नाशिक, आळंदी, देहू, त्र्यंबकेश्वर येथे धर्मशाळा झाल्या. मुंबईसारख्या महागड्या शहरात खेड्यातून रोगी येतो, त्याला रुग्णालयात खाट मिळते, पण सोबतच्या माणसाला फुटपाथ मिळतो, हे पाहून १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. शहरात काम असते, औषध असते, विद्या असते. नसते ती गरिबाला परवडणारी जागा. ही शहराची नाडी या निरक्षर संन्याशाने अचूक धरली होती.

आणि या सगळ्या वास्तूंत बाबांचे स्वतःचे काय होते? काही नाही. स्वतःसाठी पैशाला ते हात लावीत नसत. प्रत्येक काम विश्वस्तांच्या हवाली करीत, आणि आपल्या नात्यागोत्यातल्या कोणाचाही त्यावर हक्क पोहोचू नये अशी कागदोपत्री तजवीज करीत. १९२३ साली मुलगा गोविंदा गेल्याची वार्ता कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना आली. बाबांनी कीर्तन थांबवले नाही. ज्यांनी लाखोंच्या इमारती उठवल्या, त्यांच्या घरच्यांना त्यातली एक वीट मिळाली नाही. सावकाराच्या कागदाने ज्याचे घर बुडवले, त्याने कागदाचा उपयोग केला तो स्वतःचे नाव काढून टाकण्यासाठी!

आता या चरित्रातला जो प्रसंग सांगण्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. त्यासाठी एका दुसऱ्या थोर पुरुषाच्या तारुण्यात डोकवावे लागेल.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले. एवढा विद्वान तरुण. पण बडोद्यात त्यांना कोणी खोली देईना. नाइलाजाने पारशी नाव सांगून ते एका पारशी उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहाबारा लोक आले आणि सायंकाळच्या आत जागा सोडण्यास त्यांनी फर्मावले. ओळखीच्यांकडे आसरा मिळाला नाही. सार्वजनिक बागेत बसून अश्रू ढाळून बाबासाहेब रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. विद्या होती, पदवी होती, नोकरी होती. एका खोलीसाठी सगळे अडले. आणि ही घडी कोणती? पंढरपुरात चोखोबांच्या नावाच्या धर्मशाळेला हात लागला तीच.

बत्तीस वर्षे लोटली. दरम्यान १९४५ साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणामुळे पंढरीचे देऊळ सर्वांना मोकळे करण्याचा मार्ग खुला झाला. १९४९ च्या जुलैत गाडगेबाबा मुंबईत आजारी होते. बाबासाहेब तेव्हा भारताचे कायदामंत्री. वार्ता कळताच ते भेटीला आले. सोबत दोन घोंगड्या आणल्या होत्या, आणि कोणाचे काही न घेणाऱ्या बाबांनी त्या घेतल्या, असे चरित्रकार सांगतात. त्याच वेळी बाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. विद्यार्थ्यांना राहून शिकता यावे म्हणून. ज्यांना उतारूगृहातून हुसकून लावले होते, त्यांच्याच हाती एका धर्मशाळेच्या किल्ल्या आल्या.

वाचकहो, या देण्याचा अर्थ नीट पाहा. धर्मशाळा वारकऱ्याची होती. वारकऱ्याची जागा विद्यार्थ्याला देताना बाबांना त्यात काही उणे वाटले नाही. त्यांच्या लेखी दोघेही वाटसरूच. एक पांडुरंगाकडे चाललेला, दुसरा ज्ञानाकडे. आणि आपला संप्रदाय तर ज्ञानोबांचा! ज्ञानाच्या वाटेवरचा वाटसरू परका कसा? शास्त्रकारांनी अन्नदानाहून विद्यादान थोर मानले, कारण अन्नाची तृप्ती क्षणभर टिकते आणि विद्येची जन्मभर. पण विद्या घ्यायला बसावे कुठे? पोथी उघडायला दिवा हवा, दिव्याला आडोसा हवा. निवाऱ्याशिवाय विद्यादान म्हणजे पात्रावाचून वाढलेले अन्न.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हेच ओळखले होते. साताऱ्यास १९२४ साली त्यांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले, १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. शाळेआधी बोर्डिंग, असा त्यांचा क्रम. १९४८ साली मुंबई सरकारने त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा गाडगेबाबांनी बाळासाहेब खेरांजवळ शब्द टाकला. पुढे १९५४ साली कऱ्हाडला भाऊरावांनी महाविद्यालय काढले त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. आमच्या कामठीतही हा धागा आहे. येथले बाबू हरदास यांनी १९२७ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, गावात संत चोखामेळ्यांच्या नावाने वाचनालय काढले, रात्रीच्या शाळा चालवल्या. १९३९ साली, पस्तिशीतच, ते गेले. चोखोबांचे नाव पंढरीत छप्पर झाले, कामठीत पुस्तक झाले. देवळाबाहेर ठेवलेल्या संताने किती जणांना आत घेतले पाहा!

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाव्या दिवशी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. घरात नाही, मठात नाही, वाटेवर. अमरावतीस त्यांची समाधी आहे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या पुरुषाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

नाव दिले हे उत्तमच. पण त्या विद्यापीठात, नागपूरच्या, पुण्याच्या, मुंबईच्या विद्यापीठात शिकायला आलेल्या लेकराची रात्र कुठे जाते? सरकारने २०१६-१७ पासून, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाने स्वाधार योजना आणली. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले. त्यात भोजनाचे ३२,०००, निर्वाहाचे ८,००० आणि निवासाचे २०,०००. हे झाले म्हणून कितीतरी पोरे टिकली, याचे उणे कोणी काढू नये. पण निवासाचा हिशेब महिन्याला सतराशेही भरत नाही. शहरात त्या पैशात काय मिळते, हे ज्यांची लेकरे शिकायला गेली त्यांना विचारावे. शिवाय कित्येक ठिकाणी भाड्याच्या आधी आडनाव विचारतात. बडोद्याचे उतारूगृह अजून पुरते बंद झालेले नाही.

आपल्या लोकांच्या वास्तू मात्र वाढल्या. भक्तनिवास झाले, मठांवर मजले चढले, फरशी चकचकीत झाली. पर्वणी सरली की पुष्कळ खोल्यांना कुलूप. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. कुलूप लागले तेव्हा मीही तेथेच उभा होतो. एवढेच विनवितो की ज्यांच्या संस्थेची वास्तू शहरात आहे, त्यांनी दोन खोल्या तरी वर्षभर विद्यार्थ्यांसाठी मोकळ्या ठेवाव्यात. अटी बाबांच्याच असाव्यात : जात विचारू नये, जागा ज्याची त्याने झाडावी, आणि दिल्याचा तोरा मिरवू नये. एकाला दिले तर दहा येतील हे खरेच आहे. दहा येतात म्हणूनच तर बाबांनी धर्मशाळा बांधली. एकच येणार असता तर खाट पुरली असती.

ज्यांच्याजवळ वास्तू नाही त्यांच्यासाठी जुनी रीत आहे. मी पाठशाळेत होतो तेव्हा वार लावून जेवलो. सात घरी सात वार. कोणा एका घराला ओझे नाही आणि माझे व्याकरण पुरे झाले. त्याच रीतीने सात जणांनी मिळून एका विद्यार्थ्याच्या खोलीचे भाडे वाटून घ्यावे. त्या रात्री निघून गेलेल्या मुलाचा मी पुष्कळ शोध केला, तो काही सापडला नाही. म्हणून आमच्या भजनी मंडळातल्या सात जणांनी यंदा दुसऱ्या एकाचा भार उचलला आहे. तो कामठीत राहतो आणि रोज गाडीने नागपुरास जातो. एकादशीला कधी भजनाला येतो, कधी अभ्यास असला की येत नाही. आम्ही विचारीत नाही. पहाटे त्याच्या खोलीत दिवा दिसला म्हणजे काकडा झाल्यासारखे वाटते.

रामकृष्णहरि.